वहिनी माझ्याबरोबर आत आल्या

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

सिमरोलहून येताना तेजाजी नगरपर्यंत बसमध्ये उभी. मग एका मुलीने पोट बघितलं आणि घाईघाईने उठली, सॉरी मॅडम सॉरी मॅडम करत. तिची काय चूक. ओढणीच एवढी मोठी घेते मी.

कॉलेजच्या लायब्ररीत पुस्तकांची मोजणी चालू आहे. वाकायचं बंद केलंय, हात वर करायचं पण बंद. म्हणजे फक्त मधल्या फळ्या माझ्या. अजून पाच दिवस, मग सुट्टी. पाय चपलेत जात नाहीत, मिलिंदच्या सँडल घालून जाते.

छत्तीस आठवडे, चार दिवस. उजव्या हाताची बोटं सुन्न. डॉक्टर मॅडम म्हणतात कॉमन आहे, डिलिव्हरीनंतर जाईल. पेन धरवत नाही, म्हणून यापुढे मिलिंद म्हणजे मि. वहिनींचं नाव मात्र छोटं करणार नाही. शाळेत गणित शिकवतात त्या, अर्धवट काही चालत नाही त्यांना.

घरी आले तर दोन जिने... दोन नाही, एकच, पण दोन वाटतात. खाली सासूबाई, मधे आम्ही, वर माझे दीर श्रीदादा आणि वहिनी. छत्रीबागेतली घरं अशीच, उभी. ईशू म्हणाली, आई तू डब्ब्यासारखी वाजून राहिली आहेस. श्वासाचं म्हणत होती.

२४ फेब्रुवारी, सोमवार

नर्सिंग होमला अर्धी सुट्टी टाकून गेले. डॉक्टर मॅडमनी विचारलं, "अंदर आपके साथ कौन रहेगा?"

मागच्या वेळी हा सवालच नव्हता. ईशूच्या वेळी दुसरीकडे होते. सकाळी आत घेतलं आणि दार बंद. सलाईन, उताणं झोपणं, इंजेक्शनवर इंजेक्शन, कशाचं ते कोणी सांगितलं नाही. पाणी मागितलं तर "अभी नहीं." ओरडले तर एक जण म्हणाली, "पहले सोचना था." मि. आणि सासूबाई बाहेर बाकावर बसले होते, मला वाटायचं ते घरी निघून गेले. नऊ तास. ईशू हातात दिली तेव्हा मला काहीच वाटलं नाही. झोप, फक्त झोप. तिला बाजूला ठेवा म्हणाले मी.

हे आजपर्यंत कोणाला सांगितलेलं नाही. पाच वर्षं झाली.

इथे सुनीता सिस्टर म्हणून आहेत, बेटम्याच्या. त्यांनी खोली दाखवली. भिंतीला धरायला दांडा, एक मोठा रबरी चेंडू, खिडकी. "चलो, फिरो, बैठो. लेटना जरूरी नी है." एक माणूस आत चालेल, नवरा किंवा बाई, एका वेळी एकच. कमरेतलं इंजेक्शन पण मिळतं. त्याचे डॉक्टर बाहेरून येतात, मागितलं तर बोलवतात.

मला न घेता बघायचंय. बहादुरी वगैरे काही नाही. मागच्या वेळी माझ्या अंगाचं काय झालं ते मलाच कळलं नाही. या वेळी कळायला पाहिजे. बस.

मि. म्हणाला, मी आहे ना. मि.ला स्वतःची ब्लड टेस्ट करताना झोपवावं लागतं. दोघंही हसलो. मम्मी नागपूरला, पपांचा अर्धा भाग अजून हलत नाही, ती येऊ शकत नाही. विचारलं पण नाही तिला.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

वहिनींना विचारलं.

संध्याकाळी वर गेले. त्या बोर्डाच्या परीक्षेची ड्यूटी करून आल्या होत्या, चहा पीत बसलेल्या. चेहरा उतरलेला. मी दम खात उंबऱ्यातच बसले आणि तिथूनच म्हणाले, "वहिनी, तुम्ही याल का आत? माझ्याबरोबर?"

बोलून झाल्यावर वाटलं, हे काय विचारलं मी. चौदा वर्षं झाली त्यांच्या लग्नाला. ते टेस्ट-ट्यूबचं तीनदा केलं. तीनही वेळा...

कप खाली ठेवला त्यांनी. मग, "काय करावं लागतं तिथे?"

"मला पण माहीत नाही."

"मग ठीक आहे. दोघींना माहीत नाही."

थोड्या वेळाने म्हणाल्या, "मला असं कोणी विचारत नाही, शर्वरी. कोणाची ओटी भरायची असली की मला चहा टाकायला आत पाठवतात."

तोंड खिडकीकडे होतं. मी पण तिकडेच बघत बसले.

मि.ला सांगितलं. तो म्हणाला, "यार, तू त्यांनाच कसं विचारलंस? त्यांना कसं वाटेल?" मी म्हणाले, दुसरं कोणी डोळ्यांसमोर येतच नाही मला. आणि ते खरं आहे. ईशूला सहा महिने पोटदुखी होती तेव्हा रोज संध्याकाळी जिन्यात घेऊन फिरवणाऱ्या त्याच.

३ मार्च, सोमवार

सुट्टी सुरू. दिवसभर झोपले, तरी थकलेली. झोपून थकणं ही वेगळीच चीज आहे.

काल वहिनी नर्सिंग होमला आल्या होत्या. वही घेऊन! सुनीता सिस्टरनी कमरेच्या खाली मुठीने कसं दाबायचं ते दाखवलं. वहिनींनी लिहून घेतलं, "दाब, घासू नये." मग माझ्यावर प्रॅक्टिस. सिस्टर म्हणाल्या, "मॅडम, हाथ तो बढ़िया है आपका. मालिश किया क्या कभी?" वहिनी म्हणाल्या, "तेवीस साल खडू पकडा है." खडू! सिस्टरला कळलंच नाही. अमरावतीच्या आहेत वहिनी, हिंदी अजून तशीच.

परतताना दोघी उसाचा रस प्यायलो. खूप दिवसांनी बरं वाटलं.

७ मार्च, शुक्रवार

वाईट दिवस.

सासूबाईंची बहीण देवासहून आली, माझ्यासाठी डिंकाचे लाडू घेऊन. सगळे खाली जेवायला. मि.ने सहज सांगितलं की वहिनी आत जाणार आहेत. मावशींनी हातातला घास खाली ठेवला. "मेधा? अगं, तिला स्वतःला काही नाही. अशी वेळ शुभ असते, नजर-बिजर... दुसरी कोणी मिळाली नाही का?"

वहिनी तेव्हा ताक घेऊन स्वयंपाकघरातून येत होत्या. ऐकलं त्यांनी. ताक सगळ्यांना वाढलं. मावशींना पण. मग वर गेल्या.

सासूबाई काही बोलल्या नाहीत. मि. ताटात बघत होता.

आणि मी? मी पण काही बोलले नाही. माझी कंबर एवढी दुखत होती की मला फक्त उठायचं होतं तिथून. हे कारण आहे की बहाणा, माहीत नाही.

११ मार्च, मंगळवार

चार दिवस वहिनी दिसल्या नाहीत. सकाळी ड्यूटी, मग दार बंद. आज फोनवर मेसेज आला, एक मजला वरून. "मिलिंदलाच ने. तो घाबरला तरी नवरा आहे. माझ्यामुळे घरात बोलणं नको."

मी लिहिलं, मला तुम्हीच हव्यात.

निळ्या खुणा झाल्या. उत्तर नाही.

वर चढून गेले असते. पण सच्ची, चढवत नाही आता. पहिल्या पायरीवर बसले, पाच मिनिटं, परत आले. ईशूने विचारलं, आई रडून राहिली आहेस का. नाही म्हटलं. हो म्हटलं असतं तर कारण सांगावं लागलं असतं.

१४ मार्च, शुक्रवार

धुळवड. ईशू जांभळी. मी खिडकीत.

सासूबाई दुपारी वर आल्या, माझ्या पायांना तेल लावून दिलं. कधी लावत नाहीत. पाय चोळता चोळता म्हणाल्या, "मिलिंदच्या वेळी माझ्याजवळ कोणी नव्हतं. सुईण होती, ती पण जेवायला गेली होती." मी वाट बघितली, पुढे काही म्हणतील. "बोटं सुजलीत किती," एवढंच म्हणाल्या.

१७ मार्च, सोमवार

तारीख आजची होती. काही नाही. सगळ्यांचे फोन, "झालं का?" झालं असतं तर सांगितलं नसतं का.

मि.ची कंपनी पीथमपूरला. तिथे मशीन बंद पडलंय, सकाळी पाचची शिफ्ट चालू आहे. मी म्हटलं जा. घरी बसून माझ्याकडे बघत राहतो, त्याने जास्त थकायला होतं.

१९ मार्च, बुधवार, सकाळी साडेसात

कंबरेतून पुढे येऊन राहिलं आहे. दहा-दहा मिनिटांनी. मि.ला फोन केला, निघतो म्हणाला. आज रंगपंचमी. राजवाड्याला गेर निघणार, रंगाची मिरवणूक, सगळे रस्ते

२१ मार्च, शुक्रवार

मुलगी. बुधवारी दुपारी एक वाजून पन्नास मिनिटांनी. दोन किलो नऊशे. ठीक आहे ती. मी पण.

दोन दिवस झाले, नर्सिंग होममध्येच आहे, आज सुट्टी देतील. ती झोपली आहे तोपर्यंत लिहिते. विसरायच्या आत सगळं लिहायचंय. मागच्या वेळचं विसरायला पाच वर्षं लागली, तरी जमलं नाही. हे उलटं.

बुधवारी लिहिता लिहिता पेन ठेवलं ते जोराची कळ आली म्हणून. साडेआठला सात-सात मिनिटांवर. मि.चा फोन, शहरात शिरू देत नाहीयेत, पूर्ण जाम, येतोय. खाली उतरायचं म्हणून जिन्याचा कठडा धरून उभी होते, तेवढ्यात वरून वहिनी कचरागाडीसाठी दोन बादल्या घेऊन आल्या. ओला आणि सुका. मला बघितलं आणि थांबल्या.

खालून सासूबाई आल्या. त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा त्यांच्याकडे. वहिनींच्या हातातून दोन्ही बादल्या घेतल्या आणि म्हणाल्या, "मेधा, चपला घाल. हिच्याबरोबर जा. माझ्या बहिणीचं मी बघून घेईन."

बस. एवढंच. सात तारखेला बोलायचं ते त्या एकोणीस तारखेला बोलल्या.

ईशू आजीचा पदर धरून उभी होती. मी तिला टाटा करायला हात उचलला आणि परत कळ.

गल्लीच्या तोंडाशी ई-रिक्शा मिळाली. ड्रायव्हर आधीच गुलाबी. "टेंशन मत लो दीदी, मैं हूँ ना." कलेक्टोरेटकडून वळसा घालून निघालो, पण पुढे बॅरिकेड. पलीकडे गाणी, टँकर, पोरांचा घोळका. ड्रायव्हर उभा राहून ओरडला, "ए भिया, रंग नी, रंग नी! डिलीवरी केस है!" आणि सगळे एकदम मागे झाले. दोघांनी बॅरिकेड उचलला. पोलीसवाला बघत राहिला, मग त्याने पण हात लावला. एक जण वाकून वहिनींना म्हणाला, "मौसी बनोगे दीदी, मिठाई खिलाना."

"मौसी नहीं," वहिनी म्हणाल्या, "काकी."

तो आवाज! वर्गातला आवाज. मला कळ चालू असताना हसू आलं. पहिलंच हसू ते.

बाळ उठलं.

२२ मार्च, शनिवार

काल घरी आले. आता पुढचं.

पोचलो तेव्हा दहा वाजले असतील. तोंड किती उघडलंय ते सुनीता सिस्टरनी तपासलं, "पाँच उँगल, बढ़िया." खिडकी उघडी होती, लांबून ढोल ऐकू येत होते. सिस्टर म्हणाल्या झोपू नको, चाल. मी आणि वहिनी भिंतीपासून दारापर्यंत, दारापासून भिंतीपर्यंत. कळ आली की मी दांडा धरायची आणि त्या मागून मुठीने दाबायच्या. बरोबर जागेवर. दुखणं जात नव्हतं, पण दुखण्याला एक हात लागत होता. कसं लिहू. मागच्या वेळी ते माझ्यावर येऊन आदळायचं. या वेळी ते येतंय हे कळायचं, चढतंय कळायचं, उतरतंय हे पण कळायचं. पाणी प्यायले, सहा-सात वेळा तरी. दर वेळी न मागता.

अकराच्या सुमारास श्वास चुकायला लागला. वहिनी म्हणाल्या, "माझ्याबरोबर म्हण. सतरा एके सतरा." मी म्हटलं मला येत नाही, मी हिंदी मीडियमची. "येत नाही तर ऐक." सतरा दुणे चौतीस. सतरा त्रिक एक्कावन्न. हळूहळू, एकेक. सतरा चोक अडुसष्टला कळ टोकावर यायची, सतरा पंचे पंच्याऐंशीला उतरायला लागायची. सिस्टर दारात उभ्या, "ये कौन सा मंतर है?" पुढच्या वेळी त्यांनीच म्हटलं, "मॅडम, मंतर चालू करो."

साडेबारानंतर मी मोडले. हे लिहायलाच पाहिजे, नाहीतर खोटं होईल. उलटी झाली, पाय थरथरायला लागले, मी म्हणाले बस, हो गया, मला इंजेक्शन द्या, मला नाही होत. सिस्टरनी लगेच फोन केला. इंजेक्शनवाले डॉक्टर गेरच्या पलीकडे अडकलेले, तासभर लागणार. "बुला लिया है," त्या म्हणाल्या, "पर म्हारे को लगता है ये उनसे पहले आ जाएगा. हिम्मत राख बई, थोड़ो ही बच्यो है." म्हणजे न घेता झालं ते अर्धं माझ्या मर्जीने, अर्धं गेरच्या. कोणी विचारलं तर हेच सांगीन.

मी चादरीवर गुडघे टेकून बसले आणि वहिनींच्या कमरेला मिठी मारली. मी म्हणाले, "तू जाऊ नको." तू म्हणाले. नऊ वर्षांत कधी म्हणाले नव्हते. त्या म्हणाल्या, "कुठे जाते मी? रस्ते बंद आहेत."

मग पाढे बंद. मग काहीच नाही, फक्त त्या माझ्या कानाशी "हं... हं... हं" करत होत्या. डॉक्टर मॅडम आल्या, पण बाजूला हात बांधून उभ्या. कोणी ओरडलं नाही. कोणी "जोर लगाओ" म्हटलं नाही. जोर आपोआप येत होता, मी फक्त त्याच्या मागे जात होते. एकदम जाळ झाला, खाली सगळीकडे, सिस्टर म्हणाल्या हाथ लगा के देख, आणि मी हात लावला तर केस. ओले केस.

दोन कळा अजून. आणि मग ती.

छातीवर ठेवली लगेच, तशीच, चिकट, गरम. ती रडली, मी पण. आणि मला सगळं वाटलं. जे ईशूच्या वेळी वाटलं नव्हतं ते पण आत्ताच वाटलं, दोघींचं एकदम. ईशूला पण हे मिळायला हवं होतं.

वहिनी ओल्या कापडाने माझं तोंड पुसत होत्या. कपाळ, गळा, परत कपाळ. डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "देखिए, कितनी सुंदर है." वहिनी हो हो म्हणाल्या. पण त्या बाळाकडे बघत नव्हत्या. माझ्याकडे बघत होत्या, सारखं, फक्त माझ्याकडे.

सासूबाईंना फोन लावला त्यांनीच. पलीकडून पहिला प्रश्न, "शर्वरी कशी आहे?"

मि. पंधरा-वीस मिनिटांनी आला. राजेंद्र नगरला मित्राकडे गाडी टाकून पायी. एक बाजू हिरवी, एक बाजू गुलाबी, केसांतून पाणी. सुनीता सिस्टरनी दारातच अडवला, "पहले नल पे जाओ भिया." धुऊन आला तरी कान हिरवे. बाळाला बघून रडला तर हिरवे थेंब शर्टवर. तो आत आला तेव्हा वहिनी बाहेर गेल्या. एका वेळी एकच, नियम होता ना.

त्यानंतर त्यांना बघितलं नाही मी. श्रीदादा येऊन घेऊन गेले म्हणे.

२५ मार्च, मंगळवार

झोप नाही. दीड तास, परत दीड तास. टाके दोनच, तरी बसताना कळतात. दूध आलंय, दगड झालेत. ईशू बाळाला "ए" म्हणून हाक मारते.

सुन्न बोटं मात्र गेली.

वहिनी सात दिवसांत खाली आलेल्या नाहीत. शाळेत जाताना पायऱ्यांवर आवाज येतो. आमच्या मजल्यावर आला की जरा फास्ट होतो. मला वाटतं का तसं? नाही. होतो.

मेसेज केला, या ना बघायला. "सर्दी आहे, बाळाला नको." आवाजात सर्दी नव्हती, काल श्रीदादांशी बोलताना ऐकला मी.

२८ मार्च, शुक्रवार

मि.शी भांडले. तो म्हणाला, मी तेव्हाच म्हटलं होतं, त्यांना कसं वाटेल. मी म्हटलं, तू बरोबर होतास असं लिहून देऊ का. मग दोघंही सॉरी. दोघंही एवढे थकलोय की भांडण पण नीट होत नाही.

तो चुकीचा होता का? त्या आत नसत्या तर ते असं झालं नसतं. हे मला पक्कं माहीत आहे. आणि त्या आत होत्या म्हणून आता...

३० मार्च, रविवार

पाडवा आणि बारसं एकाच दिवशी. नाव अन्वी. आत्या म्हणून मि.ची चुलत बहीण उज्जैनहून आली, तिनेच कानात सांगितलं. मला वाटत होतं वहिनींनी सांगावं. सासूबाईंनी त्यांना विचारलं पण, सगळ्यांसमोर, मावशी बसलेल्या असताना. "मेधा, नाव तू ठेव." मी सासूबाईंकडे बघत राहिले.

वहिनी हसल्या. "आत्याचा मान आहे, आई." आणि गुढीसाठी साखरेची गाठी विसरली म्हणून आणायला गेल्या. परत आल्या तेव्हा पाळणा झाला होता.

चांगली साडी नेसल्या होत्या, मोरपंखी. सगळ्यांशी बोलल्या. पाळण्यापासून मात्र एक खोली लांब.

२ एप्रिल, बुधवार

श्रीदादा आले. ते सहसा आमच्या मजल्यावर थांबत नाहीत. दारातच उभे राहून चप्पल बघत बोलले.

म्हणाले, "तुला माहीत असावं म्हणून सांगतो. तू तिला विचारलंस ना, त्याच दिवशी दुपारी आम्ही डॉक्टरकडून आलो होतो. चौथ्यांदा करायचं का, ते विचारायला गेलो होतो. त्यांनी सांगितलं, आता नका करू. संपलं."

मी म्हटलं, "मग त्या हो का म्हणाल्या?"

"ते मी पण विचारलं. सांगितलं नाही तिने."

ते वर गेले. मी बाळाला पाजत होते, ती झोपून गेली, मी तशीच बसून राहिले. ओटीत बाळ आणि हातात काही नाही.

६ एप्रिल, रविवार

आज वर गेले. अठरा दिवसांनी पहिल्यांदा. अन्वीला घेऊन. हळूहळू, एक पायरी, एक श्वास.

दार वहिनींनीच उघडलं. टेबलावर पेपर तपासायला पसरलेले. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग दुपट्यातल्या गाठोड्याकडे, पटकन, आणि परत माझ्याकडे.

"बाळाला खाली ठेवून ये," म्हणाल्या. "तू ये."

मी खाली गेले. अन्वीला सासूबाईंच्या मांडीवर दिलं. परत वर. मधे जिन्यात एकदा बसावं लागलं.

चहा केला त्यांनी. आलं जास्त. बराच वेळ एप्रिलच्या उन्हाविषयी, पेपरांविषयी. एका मुलाने उत्तराच्या जागी "मॅडम पास कर देना, मम्मी बीमार है" लिहिलंय, ते दाखवलं. मी शेवटी म्हटलं, "श्रीदादांनी सांगितलं मला. मी विचारायलाच नको होतं, वहिनी."

"गप्प बस." रागाने नाही. पेपर नीट एकावर एक लावत म्हणाल्या, "त्या दिवसाचं मला काहीही वाईट वाटत नाही. असं आयुष्यात मी काही बघितलं नव्हतं. परत विचारलंस तर परत येईन, उद्या म्हणालीस तर उद्या. फक्त तिला हातात घे म्हणून सांगू नकोस मला. अजून नको. कधी जमेल माहीत नाही. जमेल का ते पण नाही."

मी हं म्हटलं.

तेवढ्यात खालून अन्वी रडली. दोन मजले, तरी स्पष्ट. दोघींनी ऐकलं. मी कप ठेवला.

"आई आहेत ना खाली," वहिनी म्हणाल्या. मग लगेच, "नाही, जा तू. जा."

मी उठले नाही. माहीत नाही का. अर्धा कप राहिला होता, म्हणून असेल. रडणं चढत गेलं आणि माझं दूध सुटलं, आपोआप, ब्लाउज दोन्हीकडे ओला. मी ओढणी पुढे ओढली, पण त्यांनी बघितलं होतं. त्या उठल्या, आत गेल्या, एक धुतलेला टॉवेल आणून माझ्या मांडीवर ठेवला. आणि समोर न बसता बाजूला बसल्या, खुर्ची ओढून, माझ्या खांद्याला खांदा लागेल अशा.

खाली सासूबाई काहीतरी गुणगुणत होत्या. रडणं कमी झालं, मग परत वाढलं.

वहिनी माझ्याकडे नाही, दाराकडे बघत होत्या.